ईमेल ब्लॅकलिस्ट: मेल पाठवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आयपी ब्लॅकलिस्ट झालाय, लवकर काहीतरी सांगा" असे मेसेज येत राहतात आणि दरवेळी तीच उत्तरं टाइप करावी लागतात, म्हणून सगळे प्रश्न एका जागी लावून ठेवलेत. फारच घाई असेल तर आधी प्रश्न २ आणि ६ वाचा आणि मगच डीलिस्टच्या, म्हणजे यादीतून नाव काढून घ्यायच्या, फॉर्मकडे वळा. बरेच जण आधी फॉर्म भरतात आणि मग प्रश्न ८ विचारायला येतात.

१. ब्लॅकलिस्ट म्हणजे नक्की काय? सगळ्या जगाची एकच लिस्ट असते का?

एक कुठली, ढिगाने आहेत. वेगवेगळ्या संस्था आणि कंपन्या, आणि काही लिस्टच्या मागे तर एकटादुकटा माणूस, स्पॅम जिथून येतो अशा आयपींची (आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता) किंवा डोमेनची यादी ठेवतात आणि ती डीएनएसमधून, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेतून, विचारता येते, म्हणून तिला डीएनएसबीएल म्हणतात. ही कल्पना १९९७ ची, पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांच्या मॅप्स या स्पॅमविरोधी प्रकल्पाची. पद्धत साधी आहे. तुमचा आयपी १९२.०.२.४५ असेल तर समोरचा सर्व्हर ते आकडे उलटे करतो, ४५.२.०.१९२, त्याच्यापुढे लिस्टचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. काहीच सापडलं नाही तर तुम्ही त्या लिस्टवर नाही, १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं तर आहात, आणि शेवटच्या आकड्यावरून कशासाठी टाकलंय ते कळतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, लिस्टवाले स्वतः तुमचा मेल अडवत नाहीत. अडवतो तो समोरच्याचा सर्व्हर, कुठली लिस्ट मानायची हे त्याच्या ॲडमिनने ठरवलेलं असतं. त्यामुळे एकाच आयपीवरून एका क्लायंटला मेल जातो आणि दुसऱ्याला जात नाही, हे अगदी नॉर्मल आहे.

२. आमचे मेल जात नाहीत. ब्लॅकलिस्टमुळेच का, हे कसं ओळखायचं?

बाउन्स मेल, म्हणजे "मेल पोचला नाही" असं सांगत परत येणारा मेल, वाचा. पूर्ण वाचा, वरचं "डिलिव्हरी फेल्ड" वाचून बंद करू नका. खाली कुठेतरी समोरच्या सर्व्हरचं खरं उत्तर असतं, साधारण असं: "५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट १९२.०.२.४५ ब्लॉक्ड युझिंग झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग". यात तीन गोष्टी मिळतात. कोड ५ ने सुरू होतोय म्हणजे कायमचा नकार (४ ने सुरू झाला तर "नंतर ये", तुमचा सर्व्हर आपणहून परत प्रयत्न करतो). मग कुठला आयपी नाकारला ते. आणि कुठल्या लिस्टवरून नाकारला ते.

आयपी नीट बघा हं, कारण लोक वेबसाइटचा आयपी चेक करत बसतात आणि मेल भलत्याच आयपीवरून बाहेर जात असतो. आणि बाउन्समध्ये कुठल्याच लिस्टचं नाव नसेल तर प्रॉब्लेम बहुतेक वेगळाच आहे, प्रश्न १२ आणि १३ बघा.

३. ऑनलाइन चेकरवर टाकलं तर पाच-सहा ठिकाणी लाल दिसतंय. संपलं का सगळं?

नाही. चेकरवाले मिळतील तेवढ्या लिस्ट दाखवतात, त्यातल्या कितीतरी कुणी वापरत नाही. स्पॅमहाउस, बाराकुडा, स्पॅमकॉप यांच्यावर नाव असेल तर लगेच लक्ष घाला. बाकीच्यांसाठी निकष एकच, त्या लिस्टचं नाव तुमच्या बाउन्समध्ये येतंय का? नाही? मग नोंद करून ठेवा आणि पुढे चला.

शिवाय लिस्ट बंदही पडतात. सॉर्ब्स ही बरीच जुनी लिस्ट प्रूफपॉइंट या कंपनीने जून २०२४ मध्ये बंद केली. आणि ३१ जानेवारी २०२१ ला तर स्पॅमकॉपचं डोमेनच एक्स्पायर झालं, मग त्यांच्या नावाने काहीही विचारलं तरी उत्तर यायला लागलं आणि ती लिस्ट वापरणाऱ्या सर्व्हरना अख्खं जग लिस्टेड दिसायला लागलं. त्यामुळे सगळीकडे एकदम मेल अडकले तर लिस्टच बिघडलेली नाही ना, हेही बघा.

४. स्पॅमहाउसच्या एसबीएल, सीएसएस, एक्सबीएल, पीबीएल यात फरक काय? झेन म्हणजे काय?

झेन म्हणजे या चारही एकत्र, म्हणजे समोरच्याला एकाच वेळी सगळ्या विचारता येतात. फरक मात्र नीट समजून घ्या, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

एसबीएल, उत्तर १२७.०.०.२. माणसांनी तपासून टाकलेली नोंद. ही सगळ्यात गंभीर, आणि ती काढायला तुम्ही एकट्याने धडपडून उपयोग नाही, आयपी ज्या प्रोव्हायडरचा आहे त्याच्या अब्यूज टीमला (गैरवापराच्या तक्रारी बघणारे लोक) मध्ये घ्यावं लागतं.

सीएसएस, १२७.०.०.३. ही ऑटोमॅटिक चालते. पाठवण्याची पद्धत संशयास्पद दिसली, ट्रॅपवर, म्हणजे स्पॅमर पकडायला ठेवलेल्या पत्त्यांवर, मेल गेले (प्रश्न १५), लिस्टची साफसफाई नाही, की इथे याल.

एक्सबीएल, १२७.०.०.४ ते ७. म्हणजे मशीनमध्ये व्हायरस किंवा बॉट (दुसऱ्याच्या हुकमावर चालणारा प्रोग्रॅम) आहे, नाहीतर कुणीतरी ते प्रॉक्सीसारखं, स्वतःला लपवायला, वापरतंय. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर आणि मेल सर्व्हर एकाच पब्लिक आयपीमागे असतील तर कुणाच्यातरी लॅपटॉपमुळे सर्व्हर अडकतो.

पीबीएल, १२७.०.०.१० किंवा ११. यावर नाव असणं म्हणजे आरोप नाहीच. घरगुती ब्रॉडबँड, मोबाइल, डायनॅमिक आयपी यांच्यावरून थेट दुसऱ्याच्या मेल सर्व्हरला मेल जायला नको अशी ही यादी आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा रेंज इंटरनेट प्रोव्हायडरनीच दिलेल्या असतात. तुम्ही आउटलुक किंवा थंडरबर्डमधून लॉगिन करून, पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून आपल्या मेल सर्व्हरला मेल देत असाल तर पीबीएलशी तुमचा काही संबंध नाही. स्वतःचा मेल सर्व्हर असेल, आयपी स्टॅटिक असेल आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नीट लावलेलं असेल, तर त्या एका आयपीपुरतं नाव काढून घेता येतं.

५. आम्ही एकही स्पॅम पाठवलेला नाही, मग नाव आलंच कसं?

तुम्ही पाठवला नसेल, तुमच्या सर्व्हरने पाठवलाय. सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे कुणाचातरी पासवर्ड फुटलेला असतो. दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर तोच पासवर्ड वापरलेला, तिथून गळती झाली, आणि रात्री कुणीतरी त्या अकाउंटने लॉगिन करून भसाभस मेल सोडले. त्यानंतर नंबर लागतो वेबसाइटचा, जुनं प्लगइन असतं, त्यातून कुणीतरी एक छोटी फाइल चढवतं आणि ती मेल पाठवत बसते.

कॉन्टॅक्ट फॉर्म हा तर खास प्रकार. फॉर्म भरणाऱ्याला "तुमचा मेसेज मिळाला" असा मेल त्याच्याच मजकुरासकट जात असेल, तर स्पॅमर तिथे दुसऱ्याचा पत्ता आणि आपली जाहिरात टाकतो आणि तुमचा सर्व्हर इमानेइतबारे ती पोचवतो. कॅप्चा नाही, मर्यादा नाही, मग काय होणार.

अजून एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे सर्व्हरचं हेलो नाव. सर्व्हर दुसऱ्याला स्वतःची ओळख "लोकलहोस्ट" अशी करून देत असेल तर तेवढ्यावरूनही तो बॉटसारखा दिसतो. हेलोचं नाव, त्या नावाचा आयपी आणि आयपीचं रिव्हर्स नाव, तिन्ही एकमेकांशी जुळायला हवीत. आणि विकत घेतलेली मेल लिस्ट वापरली असेल तर "आम्ही स्पॅम पाठवला नाही" हे वाक्य बाजूला ठेवा, तो स्पॅमच आहे, मजकूर कितीही सभ्य असला तरी.

६. कारण शोधायला सुरुवात कुठून करू?

मेल क्यूपासून, म्हणजे सर्व्हरवर बाहेर जायला थांबलेल्या मेलच्या रांगेपासून. क्यूमध्ये एरवी चार-दोन मेल असतात आणि आज हजारो दिसतायत, म्हणजे चोर अजून घरातच आहे. कुठलाही एक मेल उघडून हेडर (मेलच्या वरची तांत्रिक माहिती) बघा. युजर लॉगिन करून पाठवला असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या मेलच्या ओळीत युजरनेम असतं, आणि वेबसाइटच्या स्क्रिप्टने पाठवला असेल तर लोकल युजरचा आयडी दिसतो, पीएचपीमध्ये योग्य सेटिंग चालू असेल तर हेडरमध्ये स्क्रिप्टचं नावसुद्धा येतं.

मग लॉगमधून युजरनेमनुसार मेल मोजा. हे फार उपयोगी पडतं. सगळ्यांचे दिवसाला वीस-तीस, आणि अकाउंट्स विभागातल्या एका अकाउंटवरून रात्री दोन ते पाचमध्ये कित्येक हजार, तेही भलत्याच देशांतल्या दहा-बारा आयपींवरून लॉगिन होऊन. चोर सापडला. लगेच पासवर्ड बदला, चालू सेशन तोडा, त्या अकाउंटमध्ये कुणी फॉरवर्डिंगचा नियम घालून ठेवलाय का बघा (हे हमखास विसरलं जातं) आणि क्यूमधले त्याचे मेल डिलीट करा, नाहीतर पासवर्ड बदलल्यावरही उरलेला स्पॅम जातच राहील.

क्यू स्वच्छ, लॉगही स्वच्छ, तरी एक्सबीएलवर नाव? मग मेल सर्व्हर सोडून त्याच आयपीमागचं दुसरं मशीन बघा. फायरवॉलवर पोर्ट २५ (एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल ज्यावरून जातो ते) बाहेर जायला फक्त मेल सर्व्हरलाच मोकळं ठेवा आणि बाकी कोण प्रयत्न करतंय ते फायरवॉलच्या लॉगमध्ये बघा, आपोआप नाव समोर येतं.

७. डीलिस्टच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं?

कमी आणि खरं. काय झालं होतं, काय केलं, कधी केलं. "एका युजरचा पासवर्ड चोरीला गेला होता, मंगळवारी बदलला, क्यू साफ केली, आता प्रत्येक अकाउंटला ताशी मर्यादा लावली आहे" एवढं पुरे. तुमची कंपनी किती जुनी, किती नुकसान होतंय, वकील काय म्हणतोय, हे वाचणाऱ्याला काही उपयोगाचं नसतं. फॉर्म त्या लिस्टच्या स्वतःच्याच साइटवर भरा. स्पॅमहाउसचं चेक पान आयपी टाकला की कुठल्या लिस्टवर आहात आणि पुढे काय करायचं ते सांगतं, आणि फुकट आहे.

स्पॅमकॉपला फॉर्म भरायची फारशी गरज पडत नाही, शेवटच्या तक्रारीनंतर २४ तास नवीन काही आलं नाही तर नोंद आपोआप जाते.

८. डीलिस्ट झालो, पण दोन दिवसांत परत नाव आलं. हे लोक मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही, मशीन आहे ते. स्पॅम चालू आहे म्हणून नाव परत आलं. सारखं सारखं डीलिस्ट करत राहिलात तर काही लिस्ट पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःहून नाव काढूच देत नाहीत. ६ वर परत जा आणि या वेळी वेबसाइटसुद्धा तपासा, कारण पासवर्ड बदलून झाल्यावर सगळे थांबतात आणि चढवलेली फाइल तशीच राहते.

९. एका लिस्टवाल्यांनी लवकर नाव काढायला पैसे मागितले. द्यायचे का?

माझं मत विचाराल तर नाही. हा प्रश्न जवळजवळ नेहमी यूसीईप्रोटेक्टबद्दल असतो. त्यांच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीत तुमचा एकटा आयपी, दुसरीत आजूबाजूची रेंज, तिसरीत तुमच्या प्रोव्हायडरचं अख्खं नेटवर्क. पहिल्या पातळीवरून स्पॅम थांबल्यावर सात दिवसांनी नाव फुकटात निघतं, पैसे फक्त लवकर निघण्याचे. दुसरी-तिसरी पातळी तर तुमच्या हातात नाहीच, शेजारच्यांमुळे तुम्ही तिथे असता. मोठे मेल प्रोव्हायडर तिसऱ्या पातळीवरून मेल नाकारत बसत नाहीत, एखादा छोटा सर्व्हर करतो. तसा बाउन्स आला तर त्या ॲडमिनला सरळ लिहा.

१०. आम्ही शेअर्ड होस्टिंगवर आहोत. चूक दुसऱ्याची, भोगायचं आम्ही?

हो, सुक्याबरोबर ओलंही जळतं. एका आयपीवर शेकडो साइट असतात, त्यातली एक हॅक झाली की सगळ्यांचे मेल अडकतात. डीलिस्ट तुम्ही करू शकत नाही, करूही नका, ते होस्टिंगवाल्याचं काम. बाउन्स जसाच्या तसा चिकटवून तिकीट टाका, "मेल जात नाहीत" एवढंच लिहिलंत तर पहिलं उत्तर "पासवर्ड तपासा" असंच येणार. हे दर महिन्याला होत असेल तर साइट तिथेच राहू द्या आणि मेल वेगळ्या मेल सर्व्हिसकडे न्या.

११. सरळ नवीन आयपी घेतला तर?

कारण तसंच ठेवून घेतलात तर तोही जाईल. शिवाय स्पॅमर हेच करतात, बऱ्याच आयपींवर थोडं थोडं पसरवतात, त्यामुळे सारखे आयपी बदलणारा आणखीनच संशयास्पद दिसतो. आणि क्लाउडवर मिळालेला "नवीन" आयपी नवीन नसतो, आधी कुणीतरी वापरून सोडलेला असतो, तेव्हा हातात पडल्या पडल्या चेक करा आणि खराब असेल तर लगेच बदलून मागा. चांगला मिळाला तरी पहिल्याच दिवशी पन्नास हजार मेल सोडू नका, जे खरंच मेल उघडतात अशांपासून थोडे थोडे वाढवत न्या.

१२. आयपी सगळीकडे हिरवा, तरीही मेल नाकारला जातो. आता काय?

डोमेन चेक केलं का? आयपीच्या लिस्ट वेगळ्या आणि डोमेनच्या वेगळ्या. स्पॅमहाउस डीबीएल, सर्बल, युरिबल या मेलच्या आत असलेल्या लिंकची डोमेनं बघतात. म्हणजे सर्व्हर निर्मळ, पण सहीमध्ये टाकलेली जुनी वेबसाइट हॅक झालेली, किंवा लिंक छोटी करणारी फुकट सर्व्हिस वापरली आणि त्या सर्व्हिसचं डोमेन बदनाम. एक ट्राय करा, तोच मेल सगळ्या लिंक आणि सही काढून त्याच पत्त्यावर पाठवा. गेला तर लिंकच गुन्हेगार, मग एकेक परत घालून बघा.

अगदी ताजं डोमेन असेल तर तेही एक कारण असतं. काल घेतलेल्या डोमेनवरून आज मोठी मोहीम काढली तर कुणीही संशयच घेणार. डोमेन आधीच घेऊन ठेवा.

१३. जीमेल आणि आउटलुकची ब्लॅकलिस्ट कुठे चेक करायची?

तशी पब्लिक लिस्ट नाही, त्यांचं आतलं रेप्युटेशन चालतं आणि जगातल्या सगळ्या लिस्टवर हिरवे असलात तरी ते तुम्हाला स्पॅममध्ये टाकू शकतात. जीमेलसाठी गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन जोडा, आउटलुकसाठी मायक्रोसॉफ्टचं एसएनडीएस आहे, तिथे तुमचा आयपी त्यांना कसा दिसतो ते कळतं.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे सिद्ध करणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी, यालाच ऑथेंटिकेशन म्हणतात) तिन्ही आणि मार्केटिंगच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब सक्तीचं केलं. याहूचेही नियम तसेच आहेत, मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये ऑथेंटिकेशनची सक्ती आणली. स्पॅम म्हणून मार्क होण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली हवं, गूगल तर म्हणतं ०.१ च्या खाली ठेवा. हजारात तिघांनी बटण दाबलं की तुम्ही ०.३ च्या रेषेवर.

बाउन्स कोडही ओळखा. जीमेलचा ५.७.२६ म्हणजे ऑथेंटिकेशनमध्ये गडबड, तिथे डीलिस्ट वगैरे काही नसतं. मायक्रोसॉफ्टकडून एस३१४० असा कोड आला तर तुमच्या आयपीचा किंवा नेटवर्कचा एखादा भाग त्यांच्या ब्लॉकमध्ये आहे, त्यांच्या सपोर्ट फॉर्मवर अर्ज करावा लागतो, आणि पहिलं उत्तर "काही प्रॉब्लेम दिसत नाही" असं आलं तर त्यालाच रिप्लाय करून पुन्हा बघायला सांगा.

१४. एसपीएफ, डीकिम, डीमार्क लावले की नाव निघेल ना?

नाही. ते मेल तुमचाच आहे हे सिद्ध करतं, चांगला आहे हे नाही. स्पॅमरही व्यवस्थित लावतात. लावायला मात्र हवंच, आणि एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप झाले तर रेकॉर्डच फेल जातो, हे चेक करा.

१५. स्पॅम ट्रॅपवर मेल गेला म्हणतात. कुठला पत्ता ते विचारलं तर सांगतील का?

नाही सांगणार, सांगितला तर तुम्ही तो एक काढाल आणि बाकी कचरा तसाच ठेवाल. ट्रॅप दोन तऱ्हेचे असतात. एक, जो कधीच कुठल्या माणसाचा नव्हता, तो तुमच्या यादीत आला म्हणजे पत्ते वेबवरून गोळा केलेले किंवा विकत घेतलेले आहेत. दुसरा, जुना सोडून दिलेला पत्ता, जो बराच काळ बाउन्स देत राहिला आणि मग ट्रॅप बनवला गेला, म्हणजे तुम्ही बाउन्सकडे बघत नाही. शोधायचं असेल तर यादीचे तुकडे पाडा, कुठून आले आणि शेवटचं कधी उघडलं यानुसार, आणि वर्षभरात काहीच हालचाल नसलेला गठ्ठा सरळ काढून टाका. मार्केटिंगवाले रडतील, रडू द्या. पुढे नवीन पत्ता घेताना कन्फर्मेशनची लिंक पाठवा.

१६. आमच्या डोमेनचे मेल युजर जीमेलवर फॉरवर्ड करतात. त्याने काही होतं का?

होतं. बाहेरून आलेला स्पॅम तुमच्या आयपीवरून पुढे जातो, समोरच्याला पाठवणारे तुम्हीच दिसता. फॉरवर्डच्या आधी स्पॅम फिल्टर लावा, आणि शक्यतो फॉरवर्ड बंद करून जीमेल वापरणाऱ्यांना तुमचाच मेलबॉक्स फोनवर जोडून द्या.

१७. बाउन्समध्ये स्पॅमहाउसचं नाव, पण स्पॅमहाउसच्या पानावर आयपी स्वच्छ. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक समोरच्याचं सेटिंग. स्पॅमहाउस ८.८.८.८ सारख्या पब्लिक रिझॉल्व्हरमार्फत (सगळ्यांसाठी खुला, डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) आलेल्या फुकट चौकश्यांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतं. पण काही ॲडमिननी "काहीही उत्तर आलं की नाकार" असं लावून ठेवलेलं असतं, मग त्यांना प्रत्येक जण लिस्टेड दिसतो. अशा वेळी तुम्ही डीलिस्ट काय करणार? त्यांना फोन करून सांगा की रिझॉल्व्हर स्वतःचा लावा आणि फक्त ठरलेलेच कोड माना.

याचाच भाऊ: तुमचेच युजर घरून मेल पाठवताना तुमचाच सर्व्हर पीबीएलचं नाव घेऊन त्यांना हाकलतो. घरचा आयपी पीबीएलवर असणारच. तुमच्या सर्व्हरवर लॉगिन झालेल्या युजरला परवानगी देणारा नियम लिस्टच्या तपासणीच्या आधी यायला हवा, तो खाली गेलाय, वर घ्या.

१८. आयपीव्ही६ वर (आयपीची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) काही वेगळं असतं का?

तत्त्व तेच, पण स्पॅमहाउस तिथे एकेक आयपी न बघता पूर्ण /६४ ची रेंज, म्हणजे पत्त्यांचा एक प्रचंड मोठा गठ्ठा, लिस्ट करतं. काही क्लाउडवाले एकच /६४ वेगवेगळ्या ग्राहकांत वाटतात, मग शेजाऱ्याचा स्पॅम तुमच्या नावावर. प्रोव्हायडरकडे स्वतंत्र /६४ मागा. तो देत नसेल तर सर्व्हरला मेल फक्त आयपीव्ही४ वरूनच बाहेर पाठवायला सांगा, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एका ओळीचं सेटिंग आहे.